आधी कोण उभं राहणार?

आमचा भाचा इंजिनियर आहे. यात त्याचा काही दोष नाही. हल्ली माणिकपुरात दगड भिरकावला तर तो इंजिनियरलाच लागतो, आणि नाही लागला तर इस्टेट एजंटला. पण या गृहस्थाने नोकरी सांभाळून, खळाळत्या नदीतून उभ्याने वल्हवत जायची फळी तयार केली, हे मात्र नवीन होते. आमच्या घराण्यात आजवर कुणी उभ्याने पाणीसुद्धा प्यालेले नाही.

फळी म्हणजे सुताराची फळी नव्हे. ही हवा भरून फुगवायची. आत वरचा नि खालचा पापुद्रा हजारो दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेला, म्हणून ती लोडासारखी गोल न होता ताठ सपाट राहते. समुद्रावरची फळी लांब आणि तिच्या पोटाखाली मोठा पंखा. ती नदीत नेली तर पंखा खडकाला अडतो, फळी थांबते आणि माणूस एकटाच पुढे जातो. म्हणून नदीची फळी आखूड, रुंद, आखूड पंख्याची आणि टोकाशी मोजडीसारखी वर वळलेली.

त्याचा डोळा कोलाडच्या कुंडलिकेवर. मुळशीच्या धरणाचे पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते, १९२७ पासून येते आहे. वीज करून झाली की ते खाली नदीला मिळते आणि त्याच्यावर सकाळी रबरी तराफे सुटतात. वेळापत्रकाने वागणारी नदी! आम्हां लोकलवाल्यांना ती पूज्यच. (त्या धरणाखाली ज्यांची शेते गेली त्यांना मात्र ती तशी वाटली नसावी. १९२१ साली सेनापती बापट उगीच सत्याग्रहात उतरले नव्हते. वीज मुंबईला, पाणी यांच्या उंबऱ्यात.) आमच्याकडे नदीची सोय फक्त जुलैत होते. २०१८ साली तर वसईत कित्येकांच्या दारातच झाली होती.

तर पहिली चाचणी तळ्यात ठरली.

"मामा, तुमचं वजन किती?"

"एक्याण्णव."

"वा! तुम्हाला पेलली म्हणजे कुणालाही पेलेल."

"आधी तू उभा राहा की," ही म्हणाली.

"मामी, निरीक्षण करायला काठावर कुणीतरी नको का?"

मी विचारात पडलो. रोजच्या आमटीची चव ही आधी स्वतः घेते, मग मला वाढते. नैवेद्याची मात्र चव घ्यायची नाही, म्हणजे पहिला प्रयोग थेट देवावर. पण देवाला पोहता येत असावे.

त्याने माझ्या घोट्याला दोरी बांधली. फळी निसटू नये म्हणून. काठावर पाचूबंदरचे एक म्हातारे कोळीबाबा पाय सोडून बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "ही दोरी एका हातानं सुटते काय रं?"

भाचा गप्प. समुद्रात ही दोरी माणसाला वाचवते. नदीत तीच खडकात किंवा फांदीत अडकली, की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून नदीत ती कमरेच्या पट्ट्याला हवी, एक गोंडा ओढला की सुटणारी.

"माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "पुढच्या फळीला करणार होतो. इथं तर तळंच आहे."

तळेच होते, खरे. पण 'पुढच्या' हा शब्द दुसऱ्याच्या घोट्याला दोरी बांधून झाल्यावर किती सहज सुचतो! स्वतःच्या घोट्याला असती तर 'आधीच्या' आठवला असता.

पुढच्या रविवारी तो पट्टा शिवून घेऊन आला. मला न विचारता स्वतःच पाण्यात उतरला, वीस वेळा पडला, वीस वेळा पाण्याखालून गोंडा ओढून सुटला. नाकातोंडात पाणी, पण चेहऱ्यावर समाधान. मग माझ्याकडे पाहिले, या वेळी वजन न विचारता.

आता खरी पंचाईत. तो पडला म्हणून मला उभे करायचा हक्क त्याला मिळतो का? तो सव्वीसचा, मी त्रेसष्टचा. त्याचे गुडघे वेगळे, माझे वेगळे. मी 'हो' म्हटले तर ते फळी समजली म्हणून, की बहिणीचा मुलगा म्हणून? ही म्हणाली, "नाही म्हणा. नाही म्हटलंत तर तो रागावणार नाही, हे विचारून घ्या आधी."

विचारले. तो म्हणाला, "नाही रागावणार." खरे बोलत होता, हे मी त्याला लहानपणापासून ओळखतो म्हणून कळले.

मग मी पट्टा बांधला, गोंडा दोनदा ओढून पाहिला आणि उभा राहिलो. काठावरची पोरे मोठ्याने मोजत होती. भाच्याने वहीत लिहिले, 'मामा : ४ सेकंद.'

सात होते. पोरांना विचारा.