मोहाचा द्रोण

चैत्र लागला की सालेकसा तालुक्याच्या रानात पहाटेपासून मोहफुले टपटपू लागतात. अशाच एका सकाळी धर्मग्रामातील पाच-सहा तरुणांसह मी दरेकसा स्थानकावर उतरलो. हाजरा धबधब्याची रोडावलेली धार पाहून आम्ही कचारगडच्या गुहेपर्यंत चढलो. येथे कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी मुक्त केले, अशी गोंड बांधवांची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला येथे यात्रा भरते. त्या दिवशी मात्र वाटेवर फुले वेचणाऱ्या स्त्रियाच काय त्या भेटल्या.

परतताना सायंकाळी एका टोल्यावर आम्ही पाणी मागितले. म्हातारबांनी खाट टाकली, पाणी दिले आणि मग पळसाच्या द्रोणात मोहाची दारू ओतली. आधी चार थेंब भूमीवर सांडले. तो पूर्वजांचा वाटा. ''घ्या बाबाजी, घरचीच हाये.''

तरुण माझ्याकडे पाहू लागले.

प्रथम आठवला तो कायदा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याविना दारू गाळणे गुन्हा आहे. काही कोसांवरच्या छत्तीसगडात आदिवासींना घरच्या वापरापुरती ती काढण्याची मर्यादित सवलत आहे. आणि आपलाच १९४९ चा कायदा धर्मविधीसाठी मद्य वापरण्याची सोय ठेवतो! माझ्या वेदीवरचा द्राक्षारस त्या सोयीतला. द्राक्षमद्याच्या उद्योगाला तर राज्याने २००१ साली धोरण आखून प्रोत्साहन दिले. मग माझा पेला तेवढा निर्दोष आणि पूर्वजांना थेंब वाहणाऱ्याचा द्रोण गुन्हा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? काना गावच्या लग्नघरी यजमानाची लाज राखणे प्रभूला क्षुल्लक वाटले नव्हते. माझा हात पुढे झाला.

तेवढ्यात दाराआडची सून दिसली. तिचा नवरा ओसरीच्या कोपऱ्यात शुद्ध हरपून पडला होता. तिने दिवसभर वाकून वेचलेली फुले अंगणात वाळत होती. त्यांतली किती बाजारात जाणार आणि किती भट्टीत, हे ठरवणारी ती नव्हती.

मद्य मुळात पाप नव्हे, अतिरेक पाप, असे संत थॉमस अक्वायनसचे बोट धरून आम्ही सेमिनरीत शिकलो. परंतु अतिरेक एकाचा असतो आणि किंमत दुसरी मोजते, हे कोणी फारसे शिकवले नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, त्यामागे अशा स्त्रियांचा रेटा होता. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. यशापयशाचा वाद चालू राहील. (क्लबात बसून मोहाच्या भट्टीवर प्रवचन देणाऱ्यांचा मात्र मला मनस्वी कंटाळा आहे.)

मी द्रोण दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तसाच परत दिला. म्हातारबा हसले, रागावले की काय, कळले नाही.

वाटेत एका तरुणाने विचारले, ''फादर, तुम्ही त्यांचा मान राखलात की अपमान केलात?''

मला उत्तर सुचले नाही. द्रोण परत करताना मी म्हातारबांच्या चेहऱ्याकडेच पाहत होतो. सुनेकडे वळून पाहायचे राहून गेले.