४२.३४ मीटरवरचे चिमूर

हवेत कोणकोणत्या रेडिओलहरी किती जोराने चालल्या आहेत ते पडद्यावर दाखवणारे यंत्र म्हणजे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. चांगल्या प्रयोगशाळेतले घ्यायचे तर लाखांची बात. पण थोडक्या पट्ट्यापुरते आणि ढोबळ काम भागवायचे असेल, तर अर्डुइनो नॅनो, एसआय५३५१ हा दोलक, एक मिक्सर, एक फिल्टर आणि एडी८३०७ ही चिप एवढ्यावर निभावते. हे सगळे भाग नागपूरहून किंवा टपालाने चिमूरला येतात, आणि खर्च एखाद्या साध्या मोबाइलच्या आतबाहेर.

त्याची रीत सांगतो. दोलक १७.७८ मेगाहर्ट्झवर धरला आणि अँटेनातून ७.०८ चा संकेत आला, तर मिक्सरमधून दोहोंची वजाबाकी निघते: १०.७. फिल्टर फक्त तेवढेच पुढे सोडतो. एडी८३०७ त्याचे बळ दर डेसिबलला २५ मिलिव्होल्ट या हिशेबाने व्होल्टेजमध्ये मांडते. नॅनोची पायरी सुमारे ५ मिलिव्होल्टची, म्हणजे डेसिबलचा पाचवा हिस्सा कळतो. एवढ्या पैशांत ही बारकाई थक्क करणारी आहे. मात्र २८.४८ मधून १७.७८ वजा केले तरी १०.७ च उरतात, आणि यंत्राला त्यातला खरा कोण ते कळत नाही. म्हणून वरच्या लहरी अँटेनापाशीच अडवणारा आणखी एक फिल्टर लागतो. हा खर्च वाचवला की पडद्यावर भुते दिसू लागतात.

खरी गंमत पुढे आहे. पडद्यावर सगळा पट्टा एकदम दिसतो खरा, पण यंत्राने तो एकदम पाहिलेला नसतो. वनरक्षक आपल्या बीटवर पायी फिरतो, तसे ते एकेक जागा तपासत पुढे सरकते; ते इकडे असताना तिकडे काय झाले याची त्याला वार्ता नसते. ताडोब्याच्या कडेच्या शेतांतून रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेली असतात. तारेतून साधारण सेकंदाला एक झटका जातो, आणि तार कुठे गवताला टेकून ठिणगी पडली की तिचा खरखराट एका क्षणात सगळ्या पट्टाभर पसरतो. आपले यंत्र त्या क्षणी ज्या जागी असेल तिथेच काटा उभा करते. पुढच्या फेरीत काटा भलतीकडे. ज्याला यंत्र कसे चालते ते ठाऊक नाही, तो त्या जागी केंद्र शोधत बसेल.

बारीक पाहायचे तर वेळ द्यावा लागतो, यातही सूट नाही. जुन्या एफएम रेडिओतला १०.७ चा फिल्टर स्वस्त, पण तो दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास रुंद, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये बोलणारी सगळी माणसे त्याला एकच टेकाड वाटतात. फिल्टरचा पट्टा दहापट अरुंद करावा, तर तेवढेच अंतर कापायला शंभरपट वेळ लागतो. कुठे पाहायचे आणि किती वेळ थांबायचे, हे यंत्राच्या आधी माणसाने ठरवलेले असते.

७.०८ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेले चिमूर उठले, गोळीबार झाला, सरकारी अधिकारीही मारले गेले. मग लष्कर आले आणि गावातल्या बायामाणसांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले, तर त्याच्या बातम्या छापायलाही सरकारने बंदी घातली. पण त्याआधीच मुंबईतून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी चालवत असलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओने चिमूरची हकिगत हवेत सोडली होती, ४२.३४ मीटरवर. प्रकाशाच्या वेगाला त्या लहरलांबीने भागले की ७.०८ मेगाहर्ट्झ येतात.

केंद्र जागा बदलत राहिले आणि पोलीस माग काढत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले; ज्या तंत्रज्ञाने यंत्र जुळवून दिले, त्यानेच पोलिसांना साथ दिली. मोजमापाच्या कितीही गप्पा मारा, शेवटी फितुरीच कामी येते. त्याच पोलिसांनी रोज ४२.३४ मीटरच्या त्या एका जागी कान लावून भाषणे उतरवून घेतली होती. खटल्यासाठी केलेली ती टिपणे दप्तरात टिकली, आणि उषा ठक्कर यांनी २०२१ मध्ये काँग्रेस रेडिओवर पुस्तक लिहिले तेव्हा ती वाचकांपुढे आली. एरवी ते शब्द हवेतच विरले असते. शत्रूइतके चिकाटीने ऐकणारे श्रोते क्वचितच मिळतात!

ऐकायला चिमूर आजही चांगली जागा आहे. या लहरींवर माणसाने केलेला गोंगाट शहरापेक्षा गावात सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट, कमी असतो, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे कोष्टक सांगते. झटका मशीन आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे ती शिल्लक खात चालले आहेत, हा भाग वेगळा.

७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आता भारतात हौशी रेडिओचालकांना दिलेला आहे. परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घेतला की तिथे उघडपणे बोलता येते. चिमूरच्या विज्ञानशिक्षकांनी मुलांना एवढे जरूर सांगावे की, १२ वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही त्या परीक्षेला बसता येते.