वाकडे अंगण

फलंदाज चकतो, चेंडू बॅटला चाटूनही न जाता यष्टिरक्षकाच्या हातात विसावतो आणि पुढच्याच क्षणी एक ठरलेली गोष्ट घडते. फलंदाज दोन पावले पुढे येतो, खाली वाकून खेळपट्टीवरची एक जागा हेरतो आणि तिथे बॅटच्या टोकाने ठोकू लागतो. एखादे ढेकूळ दाबतो, खडा उचलून बाजूला टाकतो. खडा तिथे असतोच असे नाही. वानखेडेवर कसोटी खेळणारा हे करतो, आणि तळोद्यात पीक निघून रिकाम्या झालेल्या शेतात टेनिस बॉलवर खेळणारा पोरगाही करतो. तळोद्याच्या पोराकडे निदान दाखवायला भेग असते. तापीच्या या पट्ट्यातली काळी माती एप्रिलमध्ये अशी फाटते की भेगेत बोट जावे. चेंडू भेगेच्या काठावर पडला तर डोक्यापर्यंत उसळतो नाहीतर घोट्याखालून सरपटत जातो. ‘बॉल बसला,’ असे बाद झालेला पोरगा म्हणतो आणि बॅट पुढच्याच्या हातात देतो. पुढचा त्याच टोकाला, त्याच भेगेसमोर उभा राहतो. कधी तोही लगेच परततो, कधी वीस-पंचवीस धावा काढून जातो.

हा खेळपट्टी ठोकण्याचा विधी मला फार बोलका वाटतो. चूक घडून गेलेली असते. ती ठोकून मागे जाणार नाही हे ठोकणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी तो ठोकतो, कारण बघणाऱ्यांच्या नजरा स्वतःवरून काढून जमिनीवर नेण्याचा तोच एक मार्ग त्या घडीला हाताशी असतो. जमीन उलट उत्तर देत नाही.

गोल्फमध्ये या तक्रारीला आणखी एक धार येते, कारण तिथले मैदान बहुतेक वेळा माणसाने आखलेले असते आणि आखणाऱ्याचे नावही माहीत असते. चेंबूरला किंवा पुण्यात येरवड्याला गोल्फची मैदाने आहेत, पण हा खेळ आपल्यातल्या फार थोड्यांनी जवळून पाहिला आहे, म्हणून एवढे सांगायला हवे की गोल्फच्या मैदानावर वाळूचे खड्डे, पाणी, उतार मुद्दाम ठेवलेले असतात. चेंडू वाळूत गेला की खेळाडूला वाटते, हा खड्डा नेमका माझ्यासाठी खणला. आखणाऱ्याला अक्कल नव्हती, खड्डा दहा हात पलीकडे हवा होता, हिरवळीचा उतार अन्यायाचा आहे, असे सगळे त्याला चेंडू वाळूत गेल्यावर दिसते. चेंडू नीट पडला त्या दिवशी हाच खड्डा त्याच्या नजरेसही पडलेला नसतो. खेळाच्या नियमावलीचे पहिले तत्त्व मात्र साधे आहे: मैदान जसे मिळेल तसे खेळायचे आणि चेंडू जिथे असेल तिथूनच मारायचा.

या तक्रारीतून वर आलेला एक माणूस मला मोलाचा वाटतो. बॉबी जोन्स हा अमेरिकन खेळाडू 1921 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ब्रिटिश ओपन खेळायला उतरला. ते मैदान कुणा एकाने आखलेले नाही. समुद्र, वारा, मेंढ्या आणि शेकडो वर्षांची पावले यांनी ते घडवले आहे आणि तिथले कित्येक खड्डे चेंडू मारताना दिसतही नाहीत. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलसाठीच जोन्सला 46 फटके लागले. अकराव्या होलपाशी चेंडू वाळूत रुतला, काही केल्या निघेना, तेव्हा त्याने चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडली. तेव्हा त्याला ते मैदान मनापासून नावडले होते. पण 1927 साली त्याच मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, 1930 साली तिथेच ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली, आणि 1958 साली त्या गावाने त्याला आपले मानद नागरिकत्व दिले. दरम्यान अलिस्टर मॅकेंझी या आखणीकाराबरोबर त्याने ऑगस्टाचे मैदान आखले, तेव्हा दोघांच्याही मनात आदर्श म्हणून हेच जुने मैदान होते. 1921 ते 1927 या सहा वर्षांत जोन्सच्या सोयीसाठी खड्डे कुणी हलवले नव्हते. कुठून आले म्हणजे खड्डा लागत नाही हे तो शिकला होता. जमिनीला दोष देणे थांबले की ती वाचता येऊ लागते, आणि वाचता आली की तिच्यावर प्रेमही जडते.

आपल्याकडे या विषयाची शाळा क्रिकेटने चालवली. 2004 च्या ऑक्टोबरात नागपूरच्या खेळपट्टीवर गवत होते. भारत 342 धावांनी हरला, आणि हार ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजीपेक्षा गवताच्या नावावर अधिक लिहिली गेली. आठवडाभरात मुंबईत वानखेडेची खेळपट्टी अशी भुसभुशीत झाली की चौथ्या डावात 107 धावा करायच्या असताना ऑस्ट्रेलिया 93 मध्ये गारद झाला. आता तक्रार करण्याची पाळी रिकी पाँटिंगची होती. गवत आपल्याला खुपले, धूळ त्यांना खुपली, आणि दोघांनाही आपापली तक्रार तत्त्वाची वाटली.

याहून बोचणारी गोष्ट 2015 ची आहे. 25 ऑक्टोबरला वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेने एकदिवसीय सामन्यात 438 धावा केल्या, तिघांनी शतके ठोकली आणि भारत 214 धावांनी हरला. सामन्यानंतर संघसंचालक रवी शास्त्री ती खेळपट्टी तयार करणाऱ्या सुधीर नाईक यांच्यावर घसरले आणि नाईक यांनी मुंबई क्रिकेट संघटनेकडे तक्रार केली. नाईक म्हणजे कुणी येरेगबाळे नव्हते. 1970-71 मध्ये मोठे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना उरलेल्यांना घेऊन मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारा हा कर्णधार, पुढे स्वतः कसोटी खेळलेला, आणि निवृत्तीनंतर मातीत रमलेला माणूस. 2011 चा विश्वचषक भारताने याच वानखेडेवर जिंकला, तेव्हाही मैदानाची निगा नाईकच राखत होते. त्या रात्री विजयाचे श्रेय मातीला देताना मी कुणाला ऐकले नाही. हार झाली की जमीन आठवते, जीत झाली की मनगट. हा हिशेब इतका एकतर्फी आहे की त्याच्यापुढे तक्रारीचा तपशील तपासायची गरजही वाटू नये.

तरीही तपासायला हवा, कारण जमिनीचा दोष कधीकधी खराच असतो. 2017 च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ गहुंजेला ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तिसऱ्या दिवशीच संपली. भारताचे डाव 105 आणि 107 वर आटोपले, पहिल्या डावात शेवटचे सात गडी अकरा धावांत गेले, आणि स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टी निकृष्ट ठरवली. ज्याच्या हातात बॅट नाही, ज्याला जिंकायचे-हरायचे नाही, अशा माणसाने दिलेला तो निर्णय होता, म्हणून तो मानायला हवा. पण त्याच निकृष्ट खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात 109 धावा काढल्या. झेल सुटले हे खरे, तरी शंभरी भरायला चेंडू तर खेळावेच लागतात. आणि विराट कोहलीने त्या संध्याकाळी मातीकडे बोट न दाखवता आपण वाईट खेळलो असे सांगितले. खेळपट्टी वाईट होती आणि फलंदाजीही वाईट होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे आपण फार लवकर विसरतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ भाष्यकार लावतात. मला त्यात पायाखालची जागाही दिसते. आणि लगोलग पुढे असेही म्हटले आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी कच्ची आहे. म्हणजे ‘सगळे माझ्यामुळे’ असे छातीठोक सांगणाराही तितकाच चुकतो. आपली गंमत अशी की यशात आपण पाचातले एकच कारण मोजतो आणि अपयशात उरलेली चार. जमिनीला कारणांच्या यादीत जागा आहे, पण ती दोन्ही दिवशी सारखीच असायला हवी.

मुंबईच्या क्रिकेटने यावर एक फार शहाणा उपाय काढला होता. 1948 साली तिथे डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची, भर पावसाळ्यात खेळायची लीग सुरू झाली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, एकाला खेटून दुसरा सामना, गुडघ्याला लागेल असे गवत, ओली खेळपट्टी. जमिनीलगत मारलेला फटका गवतात रुतून थांबतो, म्हणून चेंडू उचलून मारावा लागतो. चेंडू मातीत पडल्यावर थांबतो की उडतो हे त्या त्या क्षणी कळते. इथे बाद झालेल्याने खेळपट्टीचे नाव काढले तर ऐकून कोण घेणार? खेळपट्टी वाईट आहे हे गृहीतच आहे, तिच्यासाठीच तर सगळे जमले आहेत. मुंबईच्या पिढ्यान्पिढ्यांचे फलंदाज पाय कसा हलवायचा, चेंडू किती उशिरा खेळायचा हे या चिखलात शिकले. चिखल दोन्ही संघांच्या अंगाला सारखाच लागत होता, म्हणून हे शिक्षण न्यायाचे होते.

माझा सगळा मुद्दा या ‘सारखाच’वर येऊन थांबतो. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण जिथे अंगण सर्वांचे एक आहे तिथे शोभते. गोल्फचा खड्डा सगळ्यांसाठी एकाच जागी आहे. गहुंजेची माती दोघांनाही तीच होती. पण तळोद्याहून उत्तरेला नजर टाकली की सातपुडा उभा राहतो, आणि घाट चढून धडगावकडे निघाले की पाडे लागतात, डोंगराच्या उतारावर विखुरलेली घरे लागतात. तिथे घरापुढचे अंगण खरोखरच वाकडे असते. एका अंगाला दगड रचून, माती भरून ते जमेल तेवढे सपाट करून घ्यावे लागते. त्या लोकांना नाचता येत नाही असे कुणी म्हणेल का? अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत कमरेला भोपळे आणि घुंगरे बांधून, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवून ते रात्रभर नाचतात. पहाटे होळी पेटेपर्यंत ठेका सुटत नाही.

त्याच पाड्यावरचे मूल पहिलीत येते तेव्हा घरात पावरी किंवा भिलोरी बोललेले असते आणि पुस्तकात, फळ्यावर, गुरुजींच्या तोंडी प्रमाण मराठी असते. ते काही महिने गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाला ‘याला जमत नाही’ असा शेरा मिळतो. इथे मुलाने कसली तक्रारही केलेली नसते, त्याला ती कोणत्या भाषेत करायची हेच ठाऊक नसते. पुढे दहावीला त्याची प्रश्नपत्रिका पुण्याच्या मुलाच्या प्रश्नपत्रिकेसारखीच असते, म्हणून आपण म्हणतो की मैदान एकच आहे. तसे ते नाही. आणि मग कुणी नाशिकजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतचे उदाहरण देतो: डोंगरात वाढली, धावली, 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली. त्या पदकाचा मला मनापासून अभिमान आहे. पण स्मिथच्या शतकाने गहुंजेची खेळपट्टी चांगली ठरली नाही, तसे एका मुलीच्या पदकाने सगळ्या पाड्यांचा रस्ता नीट ठरत नाही.

मातीबद्दलची तक्रार ऐकून घेतली तर काय घडते, याचा दाखला आपल्याच कुस्तीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत घडले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले, तिथे ते सहावे आले, आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन परतले. माती आणि मॅट यांत फरक आहे, पायाची पकड वेगळी लागते, हे आपल्या मल्लांचे म्हणणे पळपुटेपणाचे नव्हते. ते खरे होते, म्हणूनच कालांतराने तालमींत मातीच्या शेजारी मॅट आले.

तळोदा तालुक्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू जवळून माहीत आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावे बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांतल्या पुष्कळ कुटुंबांना डोंगरातून उतरवून तळोद्याच्या जंगलजमिनीवर, सोमावल, रोझवा अशा ठिकाणी वसवले गेले. त्या जमिनीवर आधीपासून कसणारे स्थानिक आदिवासी होतेच, त्यांचेही म्हणणे होते. मिळालेली जमीन खडकाळ आहे, सपाट नाही, पाणी नाही, अशा तक्रारी उठल्या, आणि ‘यांना कसायलाच नको’ असे उत्तर देणारेही निघाले. म्हण इथे किती सहज जिभेवर येते पाहा. वाईट फटका मारून मैदानाला नावे ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाने ही म्हण आणखी थोडी धारदार करून ठेवली आहे, आणि तिची धार लागते ती मात्र ज्यांचे अंगण खरेच वाकडे आहे त्यांना.

दोन तक्रारी वेगळ्या कशा ओळखायच्या, याचे एक माप मला सापडते. पोरगा बाद झाल्यावर भेग दाखवतो. विस्थापितांतले कित्येक जण जमीन ताब्यात घेण्याआधीच तिथे जाऊन, शिवार फिरून, ही कसण्याजोगी नाही म्हणून नाकारून आले होते. अजून एक दाणाही पेरला गेला नव्हता.