मी तर आधीच म्हटलं होतं

४ जून २०२५ ची सकाळ. आदल्या रात्री अहमदाबादला आरसीबीनं पंजाबला सहा धावांनी हरवलं होतं आणि अठराव्या हंगामात पहिल्यांदा आयपीएलचा कप उचलला होता. आमच्या वलगावच्या पोरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळे टेनिस बॉलवाले. त्यावर तासाभरात सहा जणांनी एकच वाक्य वेगवेगळ्या स्पेलिंगमध्ये टाकलं होतं : मी तर आधीच म्हटलं होतं, यंदा आरसीबी.

सातवा मी. वाक्य टाइप करून झालं होतं. पाठवण्याआधी वाटलं, आपला मार्चमधला मेसेज शोधावा आणि पुराव्यासकट टाकावं, म्हणजे बाकीच्यांची तोंडं बंद होतील. वर वर सरकत गेलो. मेसेज सापडला. स्पर्धा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मी दहाही संघांचा क्रम लावून दिला होता. पहिला हैदराबाद, दुसरा मुंबई, तिसरा चेन्नई, चौथा कोलकाता. नववा आरसीबी, दहावा पंजाब. म्हणजे रात्री फायनल खेळलेले दोन्ही संघ माझ्या यादीत तळाला होते. शिवाय खाली एक टीप होती : 'जीतेशले ११ कोटी? पैसे पान्यात.'

जीतेश शर्मा अमरावतीचा. आमच्याच जिल्ह्याचा पोरगा. २७ मे रोजी लखनौविरुद्ध २२८ धावांचा पाठलाग करताना त्यानं कर्णधार म्हणून ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, तेव्हा टपरीवर सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होतो. फायनलमध्ये १० चेंडूंत २४. तेव्हाही मीच.

बाकी हिशोबही सांगून टाकतो. साखळीत पंजाब पहिला आला, आरसीबी दुसरा. माझा पहिला हैदराबाद सहावा, माझा चौथा कोलकाता आठवा आणि माझी तिसरी चेन्नई चक्क दहावी. मुंबई तेवढी बाद फेरीत पोचली. चारात एक. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत कधीच संपलेली होती. तरी बोट त्यावर दाबून बघितलं, हे कबूल करतो.

मला चुकल्याचं फार वाटलं नाही. अंदाज चुकतातच. भीती वेगळीच वाटली. मी खोटं बोलायला निघालो नव्हतो. मला खरंच आठवत होतं की मी आरसीबीच म्हटलं होतं. पाटीदारला कर्णधार केलं तेव्हा 'चांगलं केलं' असं म्हटल्याचं आठवत होतं, हेझलवूड आणि भुवनेश्वरला घेतल्यावर 'आता बॉलिंग जमली' असं म्हटल्याचं आठवत होतं. ते कदाचित मी म्हटलंही असेन. पण यादी केली तेव्हा नववा नंबर दिला, ही गोष्ट डोक्यातून साफ पुसली गेली होती.

याच्यावर एक जुना प्रयोग आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यांवर जाणार होते. त्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोघांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, या दौऱ्यात अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती? दौरे झाले. मग त्याच विद्यार्थ्यांना सांगितलं, तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवून लिहा. जे घडलं होतं त्याला आपण मुळात दिली होती त्यापेक्षा जास्त शक्यता दिल्याचं पोरांना आठवत होतं. पोरं लबाड नव्हती. निकाल कळला की आठवण आपोआप निकालाकडे झुकते, एवढंच. पण मग प्रश्न येतो की अशा वेळी 'मी आधीच म्हटलं होतं' हे खोटं म्हणायचं की नाही? बोलणाऱ्याला ते खरं वाटतंय. मला वाटतं, खोटेपणा त्या वाक्यात नसतो. ज्याच्या हातात मोबाइल आहे आणि बोटभर वर सरकवलं तर पुरावा आहे, तरी जो वर सरकवत नाही, त्याच्यात तो असतो. मी सरकवला तोही प्रामाणिकपणानं नाही, मिरवायला.

मोठमोठ्यांचंही चुकलं. अ‍ॅडम गिलख्रिस्टनं हंगामाआधी आरसीबीला तळाला टाकलं होतं, कारण काय तर संघात इंग्लंडचे खेळाडू फार. डेल स्टेननं तर तारीखच दिली : आयपीएलमधल्या पहिल्या ३०० धावा १७ एप्रिलला दिसतील. हैदराबादनं पहिल्याच सामन्यात २८६ केल्या होत्या, त्यामुळे कुणी हसलं नाही. १७ एप्रिलला वानखेडेवर हैदराबादनं केल्या १६२. लोकांनी स्टेनची भरपूर उडवली. मला मात्र त्या यादवीत स्टेनच आवडला. तारीख दिली, आकडा दिला, पळायला वाट ठेवली नाही. नाहीतर टीव्हीवरची निम्मी मंडळी 'कागदावर मजबूत', 'छुपा रुस्तम', 'त्यांच्या दिवशी कुणालाही हरवू शकतात' असलं बोलतात. असलं वाक्य चुकूच शकत नाही, आणि जे चुकू शकत नाही त्यात सांगितलेलंही काही नसतं.

वऱ्हाडात हंगामाआधीचा अंदाज म्हटला की क्रिकेट नंतर येतं, आधी पाऊस. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. शेतात गोल घट, त्यात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड-कुरडई. रात्रभर कुणी तिकडे फिरकत नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघून सांगतात की कपाशी कशी, तूर कशी, पाऊस कसा. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं पंचवीस-तीस मैलांवरून बैलगाडीनं जायची. मी त्यावर हसत नाही, विश्वासही ठेवत नाही. दुसरीकडे हवामान खातं. ते एप्रिलमध्ये आकडा देतं : सरासरी ८७ सेंटीमीटर, तिच्या इतके टक्के, चूक एवढी गृहीत धरा. २००९ ला एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितलं आणि पडला ७८ टक्के. दुष्काळ पडला. शिव्या खाल्ल्या. पण दोन्ही आकडे आजही शेजारी-शेजारी छापलेले सापडतात, कुणी त्यातला पहिला खोडला नाही.

त्याच ४ जूनच्या संध्याकाळी बंगळुरूला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं मेली. कप बघायला आलेली. आमच्या ग्रुपवरचे सगळे आधीच-म्हटलं-होतंवाले गप्प झाले. किती माणूस येईल, हाही एक अंदाजच असतो. तो कुणीतरी करायचा असतो. त्या दिवशी रात्री मी माझी यादी पुन्हा उघडली, आणि पहिल्यांदा असं वाटलं की हा अंदाज चुकला त्याचं काहीच बिघडलं नाही. पाटीदारनं माझी यादी वाचली नव्हती. जीतेशच्या बॅटला तिचा पत्ता नव्हता. हवेत सोडलेला पतंग होता तो.

पण माझा एक अंदाज असा आहे की जो हवेत गेला नाही.

२०१७ चा पावसाळा. आमच्यातला एक जण, नाव सांगत नाही, उंचापुरा, वलगावच्या मैदानात त्याचा बॉल अंगावर यायचा. तेव्हा तो एकोणीसचा, मी वीसचा. जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचं की नाही हे त्यानं मला विचारलं, कारण तेव्हा आमच्यात आकडेवारी तोंडपाठ असलेला मीच होतो. मी म्हणालो, विदर्भाकडून खेळून काय होणार? १९५७ पासून रणजी खेळतात, साठ वर्षांत एकदा फायनल नाही. मुंबईत जन्मला असता तर वेगळं. वेळ घालवू नको. हे मी तुच्छतेनं म्हटलं नव्हतं, काळजीनं म्हटलं होतं, आणि साठ वर्षांची आकडेवारी माझ्या बाजूनं होती. तो गेला नाही.

त्याच हिवाळ्यात विदर्भ कोलकात्याला सेमीफायनलमध्ये कर्नाटकाविरुद्ध पाच धावांनी जिंकला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला नऊ विकेटनी हरवून रणजी करंडक घेऊन आला. फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीनं, जो सिव्हिल इंजिनिअर झालेला पोरगा. वसीम जाफर एकोणचाळीस वर्षांचा, फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित कोच. हंगामाआधी कुणी विदर्भाचं नाव घेतलं नव्हतं, मीही नाही. पुढच्या वर्षी परत जिंकले. मार्च २०२५ मध्ये तिसऱ्यांदा.

म्हणजे विदर्भाबद्दलचा माझा अंदाज धडधडीत खोटा ठरला. पण मित्राबद्दलचा? इथं येऊन मी कित्येक वर्षं अडकलो आहे. तो चाचणीला गेला असता तर निवडला गेला असता? बहुतेक नाही. शेकडो पोरं जातात. पण हे 'बहुतेक' तपासणार कुठं? आरसीबीला मी नववा नंबर दिला, आरसीबीनं ऐकलं नाही आणि मला खोटं पाडलं. मित्रानं ऐकलं. ज्यानं ऐकलं त्यानं मला खोटं ठरायची संधीच ठेवली नाही. जो अंदाज मानला जातो त्याचा निकाल कधी लागत नाही. त्यामुळे आपले मानले गेलेले सगळे सल्ले आपल्याला बरोबरच वाटत राहतात. शिक्षकांचं असंच होत असणार. आईबापांचंही.

कुणी म्हणेल, मग सल्ला देऊच नये का? तेही मला पटत नाही. त्यानं विचारलं होतं. 'तुझं तू बघ' म्हणणं हा हात झटकणं झालं. मी चुकलो ते खात्रीच्या आवाजात. साठ वर्षांत फायनल नाही, हे खरं होतं. 'म्हणून पुढेही नाही' ही माझी भर होती, आणि मी दोन्ही एकाच दमात म्हणालो. त्याला कळायला मार्ग नव्हता की माहिती कुठं संपली आणि मी कुठं सुरू झालो.

तो मित्र आता वलगावला एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर असतो. संध्याकाळी अजून टेनिस बॉलनं टाकतो, अजून अंगावर येतो. २०२५ चा जून त्याच्यासाठी वाईट होता. मान्सून २६ मे लाच मुंबईत पोचला, मोबाइलवर सगळीकडे तेच, आणि मग २९ मे पासून दोन आठवड्यांहून जास्त थबकला. इकडे मे महिन्यातल्या अवकाळीनं जमीन वरवर ओली. जो तो दुकानात येऊन एकच विचारायचा.

मी एकदा तिथं बसलो होतो. एक काका आले.

"भाऊ, मुंबईत त पानी आला म्हनते. पेरू का?"

"काका, हवामानवाले थांबा म्हनते. मले सोताले इचाराल त मी बी थांबाच म्हनतो, पन मले पावसातलं कळत नाई. शंभर मिलिमीटर होऊ द्या. वीतभर ओल खाली गेल्याबिगर थैली फोडू नोका."

काका गेले. त्यानं बिलबुकाच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. बघितलं तर नाव, तारीख, आणि पुढे : 'थांबा सांगितलं.' अशी पानंच्या पानं. दोन-तीन ठिकाणी लाल पेनानं : 'चुकलं. शेजाऱ्यानं पेरलं त्याचं जगलं.' दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. त्यामुळे चुकलेलं 'पेरा' महाग पडतं आणि चुकलेलं 'थांबा' सहसा कुणाला कळतही नाही. हा गडी तेही लिहून ठेवत होता. शेजारचं शेत बघून यायचा म्हणे, मुद्दाम, गाडीवर.

मला कुणी शेजारचं शेत दाखवणार नव्हतं. म्हणून विचारून टाकलं.

"तुले आठोते का, सतरामधी मी तुले काय म्हनलो होतो?"

"कायबद्दल बे?"

"चाचणीबद्दल. जाऊ नोको म्हनून."

त्यानं जरा वेळ आठवलं. खरंच आठवल्यासारखं केलं. मग म्हणाला, "तू कुठं म्हनलं? मीच नाई गेलो. बाबाची तब्येत खराब होती ना तवा."

त्याच्या वडिलांची तब्येत बिघडली २०१९ ला. मला पक्कं माहीत आहे, कारण नागपूरच्या दवाखान्यात रात्री मीच सोबत होतो. म्हणजे एक तर त्याची आठवणही फिशहॉफच्या विद्यार्थ्यांसारखी सरकली आहे, निकालाला शोभेल असं कारण तिनं शोधून ठेवलंय. नाहीतर त्याला सगळं लख्ख आठवतंय आणि तो मला सोडून देतोय. त्याच्या तोंडावरून कळलं नाही. आणि पुरावा काढून दाखवावा असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही नव्हता, आम्ही पेढी नदीच्या पुलावर बोललो होतो.

दुरुस्त करावं का? 'नाही रे, मीच म्हटलं होतं' असं म्हणालो असतो तर माझं ओझं उतरलं असतं, पण त्याच्या डोक्यावर एक नवीन ओझं चढलं असतं : बाबांमुळे नाही, या दोस्ताच्या एका वाक्यामुळे राहिलं. गप्प बसलो तर सोयीचं खोटं जपलं. मी तोंड उघडलं होतं, एवढं आठवतंय. तेवढ्यात दुसरे एक काका मोटरसायकल लावून आत आले आणि सोयाबीनच्या थैलीकडे बोट करून उभे राहिले.

"किती तारीख हाये बे आज?" त्यानं मला विचारलं.

मी सांगितली. त्यानं लिहिली.