अठरावा अध्याय पहिल्या वचनापासून

मंडळीत काही वाकडं घडलं की आमच्याकडे कुणीतरी मत्तय अठरा उघडतो, आणि उघडतो तो थेट पंधराव्या वचनावर. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, आणि मगच मंडळीच्या कानावर घाल, असा तो क्रम. जागेवरून, पैशावरून, गायनमंडळात पेटी कोणी वाजवायची यावरून झालेली भांडणं या क्रमाने मिटलेली मी पाहिली आहेत. पुढे पेत्र विचारतो, क्षमा किती वेळा करायची? त्याला मिळालेलं उत्तर तर लहान पोरांनाही पाठ असतं. पंधरा आणि बावीस, या दोन वचनांवर आमचं सगळं न्यायालय चालतं.

माझं म्हणणं एवढंच की अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा. शिष्य विचारतात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण? येशू एका लेकराला बोलावतो आणि त्यांच्या मधोमध उभं करतो. सहाव्या वचनात तो सांगतो, अशा लहानांपैकी एकालाही जो अडखळवील त्याला गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं परवडलं. एवढं कठोर बोलणं चारही शुभवर्तमानांत फार ठिकाणी सापडत नाही. ते लेकरू नंतर उठून घरी गेलं असं मत्तयाने कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे पुढचा एकट्याने जाण्याचा नियम आणि क्षमेचा हिशेब, दोन्ही त्याच्या देखतच सांगितले गेले, असं मी तरी वाचते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आता आमच्या मंडळीची रविवार शाळा बघते. मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची. नाव सांगत नाही, कारण गावोगावच्या मंडळ्यांत थोड्याफार फरकाने हेच चित्र असतं. मे महिन्यातल्या व्हीबीएसच्या, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या आधी उपासनेत बालसुरक्षेवर बोलायला वेळ द्या, असं मी पंचकमिटीला म्हटलं. एक पंच म्हणाले, "बाई, विषय चांगला आहे, पण उपासनेत नको. स्त्रीसंघात घ्या." मुलं जन्माला घालणं आणि त्यांची राखण करणं, ही दोन्ही खाती जणू स्त्रीसंघाकडेच आहेत! पाळकसाहेबांनी मात्र वेळ दिला.

शाळेत असताना या विषयाचे कागद मी कंटाळा येईपर्यंत भरले आहेत. तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, शिपायापासून सगळ्यांची पोलीस पडताळणी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण झालं, तेव्हा वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला, आणि तालुक्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाची झोप उडाली. रविवार शाळेत यातलं काही नाही. बाहेरगावचा एखादा तरुण येतो, जुनं आयुष्य सोडल्याची साक्ष देतो, गिटार बरी वाजवतो, आणि पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या हाती वर्गभर पोरं देतो. त्याला काही विचारलं तर विश्वासात कमी पडलो असं वाटतं. त्या तरुणावर माझा संशय नाही. पण साक्ष ऐकून आपण त्याला बाप्तिस्मा द्यावा, चावी देऊ नये. वर्ग घ्यायचा तर दोन मोठी माणसं हवीत, तीही एका घरातली नकोत.

आता पंधरावं वचन. ते भावाबद्दल बोलतं, आणि भाऊ म्हणजे बरोबरीचा. माझ्या शेताचा बांध कुणी कोरला तर मी त्याच्या ओसरीवर जाऊन बोलू शकते. नऊ वर्षांच्या मुलीने कुणाच्या ओसरीवर जायचं? ज्याला सगळे "भाऊ" म्हणतात, जो तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, त्याच्याकडे एकटीने? तरीही "आधी समोरासमोर बसवू" असं म्हणणारे सज्जन मला भेटतात, तेव्हा त्यांचं शास्त्र पाठ आहे, पण मूल त्यांना दिसत नाही, असं वाटतं.

क्षमेचं त्याहून अवघड. याच अध्यायातल्या दाखल्यातला राजा चाकराचं प्रचंड कर्ज सोडतो, पण सोडतो ते स्वतःचं येणं. दुसऱ्या कुणाचे पैसे त्याने माफ केलेले नाहीत. पंचकमिटी एखाद्याला "आम्ही क्षमा केली" म्हणते, तेव्हा ती कुणाचं येणं सोडत असते? मूल पुढे मोठं होऊन क्षमा करील किंवा करणार नाही. त्याला घाई करण्याचा अधिकार आईबापांनाही नाही. देवाची क्षमा देवाकडे आहे, ती पश्चात्तापी माणसाला मिळते हे पाळकसाहेबांनी जरूर सांगावं. पण पश्चात्ताप कसा असतो तेही शास्त्रात आहे. जकातदार जक्कय उभा राहून आपण होऊन म्हणतो, ज्याचं लुबाडलं त्याचं चौपट परत देतो. आपल्यासाठी पोरीने गप्प बसावं अशी अपेक्षा ठेवणारा माणूस जक्कयाच्या जवळपासही नाही.

त्याच दाखल्यात एकतिसावं वचन आहे, आणि त्यावर प्रवचन झालेलं मी आजवर ऐकलेलं नाही. माफी मिळालेला चाकर बाहेर येऊन सोबत्याची नरडी धरतो. ते पाहून बाकीच्या चाकरांना फार वाईट वाटतं, आणि ते जाऊन घडलेलं सगळं धन्याला सांगतात. आधी त्याला एकट्याला भेटा, असं त्यांना कुणी म्हणत नाही. चहाडखोरही कुणी म्हणत नाही. ज्या अध्यायात भावाकडे एकट्याने जायचा नियम आहे, त्याच अध्यायात दुबळ्याचा गळा धरलेला दिसताच थेट वर जाऊन सांगणारी माणसं आहेत.

आपल्या देशात हे "वर" कुठे, तेही ठरलेलं आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं एकोणिसावं कलम प्रत्येक व्यक्तीला लागू होतं. मुलावर लैंगिक अत्याचाराचा गुन्हा घडल्याचं माहीत असेल, किंवा घडेल अशी भीती असेल, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. आधी पंचांनी खरंखोटं करायचं, अशी पायरी त्यात नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मुलाला ठाण्यात बसवून ठेवतील या भीतीने घरचे मागे हटतात, म्हणून मी हे दरवेळी सांगते: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि पोलीस गणवेशात नसतात. कुठे जायचं सुचलं नाही तर १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन करा.

हे सगळं मंडळीतच मिटवण्याची किंमत काय, ते पाहायला फार लांब जायला नको. आमची सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली आणि ती अँग्लिकन समुदायाची सदस्य आहे. त्याच समुदायाच्या प्रमुखाने, कँटरबरीच्या आर्चबिशपने, नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला, तो एका जुन्या प्रकरणामुळे. जॉन स्मिथ नावाचा वकील ख्रिस्ती शिबिरांतून हेरलेल्या मुलांना पापाच्या नावाखाली रक्त येईपर्यंत मारत असे. १९८२ मध्येच त्याबद्दलचा खासगी अहवाल काही वजनदार मंडळींच्या हातात होता. त्यांनी तो पोलिसांकडे नेला नाही. स्मिथ झिम्बाब्वेला गेला आणि तिथेही मुलांची शिबिरं चालवू लागला. बळी शंभराहून अधिक. २०१८ मध्ये तो मेला, शिक्षा न होताच. गप्प राहिलेली ती माणसं प्रार्थनाशील होती, याबद्दल मला शंका नाही.

आमच्या मंडळीतला खरा अडसर वेगळाच आहे, आणि त्याला हसून चालणार नाही. एक ज्येष्ठ पंच उपासनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आधीच आपल्यावर डोळे आहेत. प्रार्थनासभेला चार माणसं जमली तरी धर्मांतराची ओरड होते. असलं काही बाहेर गेलं तर?" ही भीती खोटी नाही. मीही तिच्यातच वाढले. पण मला पंडिता रमाबाई आठवतात. केसरीने त्यांच्या शारदासदनावर झोड उठवलेली, धर्मांतर केलेली विधवा, परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर चालणारी संस्था; त्यांच्याइतके डोळे कुणावर होते? १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांना कसं वागवतात, आणि तिथे नेलेल्या आपल्याच एका मुलीचं काय झालं, हे त्यांनी बॉम्बे गार्डियनला पत्र लिहून जाहीर केलं. सरकारने आरोप नाकारले. मुलगी त्यांच्या छपराखालची होती, बोभाटा झाला असता तो त्यांच्याही नावाचा. रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आमच्यापासून दूर नाही, दरवर्षी बसा भरून आम्ही तिथे जातो. त्या पत्राची गोष्ट तिथे सांगायला हवी.

व्हीबीएसचे नियम पंचकमिटीने बऱ्याच वादानंतर मंजूर केले. वर्गाचं दार उघडं, मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत, एकट्या मुलाला मोटारसायकलवर घरी सोडणं नाही, खोलीत बोलावून प्रार्थना नाही, पाळकसाहेबांच्या बंगल्यावरही नाही. शेवटचं कलम पाळकसाहेबांनी स्वतः घातलं. एक प्रश्न मात्र अजून लोंबकळतोय. शिक्षा भोगून आलेला माणूस रविवारी दारात उभा राहिला तर? मी म्हणते, उपासनेला येऊ द्या, शेजारी कुणी ठरवून बसा, मुलांच्या कामात कधीही नाही. आणि ज्या घराला त्याने दुखावलं ते घर त्याच मंडळीत असेल, तर दुसरी मंडळी त्याने शोधायची, त्या घराने नाही. यावर दोन पंच म्हणतात, हे क्षमेत बसत नाही. जूनच्या बैठकीत तो विषय पुन्हा आहे.