बांधावरचं झाड

बिद्रीच्या पट्ट्यात जंगल म्हटलं की लोक पश्चिमेकडं बोट दाखवतात. राधानगरी, दाजीपूर. तिथं गवे आहेत, ३५१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, २०१२ पासून जागतिक वारशाचा मानही आहे. झाडं राखायची ती तिकडं, वनखात्यानं. इकडं पिकवायचा तो ऊस, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. मला ती मुळातच मान्य नाही.

बिद्रीच्या साखर कारखान्याला ज्यांचं नाव आहे त्या दूधगंगा आणि वेदगंगा सह्याद्रीतूनच येतात. वरच्या रानातली मुळं आणि पाचोळा पाऊस जमिनीत मुरवतात, म्हणून पावसाळा सरल्यावरही ओढे झिरपत राहतात. इथला ऊस त्या रानाच्या जिवावर उभा आहे, हे निदान बोललं तरी जातं. शिवारातल्या झाडाबद्दल कुणी बोलत नाही.

ऊस सावली सोसत नाही. झाडाखालची सरी खुरटते, म्हणून बांधावरचा आंबा, जांभूळ, उंबर एकेक करून गेला. शेतकऱ्याचा हा तोटा खरा आहे. गुंठ्यांवर आलेल्या जमिनीत दोन सऱ्या गेल्या तरी त्या जाणवतात, आणि त्याला दोष देऊन काही साधणार नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. म्हाताऱ्या झाडाच्या खोडाला ढोली पडते. ढोलीत पिंगळा राहतो, गव्हाणी घुबड राहतं. उसाची कांडी कुरतडणारे उंदीर हे घुबडाचं रोजचं अन्न. आणि ढोली पडायला झाडाला कित्येक दशकं जगावं लागतं. यंदा लावलेलं रोप ते काम आपल्या हयातीत करील याची खात्री नाही.

म्हणून वृक्षारोपणाच्या आकड्यांनी माझं समाधान होत नाही. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. रोपं लावावीतच. पण उंबर तोडून त्याजागी दहा गुलमोहर लावले तर भरपाई झाली असं कसं म्हणायचं? गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलतो देखणा, पण त्याच्या वाळक्या शेंगेवर हरियाल, तांबट, वटवाघळं जगत नाहीत. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, रानात दुसरं काही खायला नसतं तेव्हाही.

मार्ग अवघड नाहीत. ओढ्याकाठी वाळुंज, करंज, जांभूळ लावले तर काठाची मातीही धरून राहील. शेताच्या उत्तरेला ओढा किंवा पाणंद असेल तर त्या कडेच्या झाडाची सावली वर्षातला बहुतेक काळ उसावर पडतच नाही. आणि ज्याच्या बांधावर जुनं झाड अजून उभं आहे, त्याच्या दोन सऱ्यांची तूट गावानं, कारखान्यानं मिळून भरून द्यावी. त्या झाडावरचं घुबड आसपासच्या चार शेतांतले उंदीर धरतं. मग तोटा एकट्यानंच का सोसायचा?