हंसावें कोणास?

घर सोडून पोटामागें निघालेल्या माणसाची फजिती पाहून हंसणें नीतीस धरून आहे काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. विनोद म्हणजे घटकाभराची करमणूक. तिला नीतीच्या तराजूंत कशाला घालावयाची, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मनुष्य कोणास हंसतो यावरून तो कोणास मान देतो हें कळतें. आणि ज्या समाजांत घरोघर एखादें तरी माणूस परमुलखांत आहे, त्या समाजानें हा प्रश्न टाळणें बरें नव्हे.

कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकांत १९९५ सालीं 'न्वेबा योल' नांवाचा एक विनोदी बोलपट निघाला. आंखेल मुन्यीस हे त्याचे दिग्दर्शक, आणि लुइसितो मार्ती या नटानें त्यांत बाल्बुएनाची भूमिका केली. बोलपटाचें नांव म्हणजे न्यूयॉर्क शहराचेंच नांव. मात्र तेथील साध्या माणसाच्या तोंडीं तें जसें वळतें तसें लिहिलेलें. आमच्या घाटावरच्या जुन्या माणसांच्या तोंडीं मुंबईची 'म्हमई' होत असे, तसाच हा प्रकार. १९६१ सालीं हुकूमशहा त्रुहियो मारला गेला, आणि त्यानंतर त्या देशांतून अमेरिकेकडे माणसांचा ओघ लागला. मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोंकाकडील वॉशिंग्टन हाइट्स ही त्यांची मोठी वस्ती बनली. त्या वाटेनें जाणारांचा प्रतिनिधि म्हणजे हा बाल्बुएना: भोळा, बडबड्या, आणि न्यूयॉर्क गांठलें कीं दैन्य फिटलें अशी पुरेपूर खात्री बाळगणारा. तेथें जाण्याच्या परवान्यासाठीं तो राहतें घर गहाण टाकतो. तेथें नातलगाच्या बिऱ्हाडीं उतरल्यावर स्वप्नांतलें शहर आणि समोरचें शहर यांचा मेळ कांहीं केल्या बसत नाहीं. या न बसणाऱ्या मेळांतून सारें हास्य निर्माण होतें.

येथें पहिला आक्षेप उभा राहतो. इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्ज यानें हास्याचें मूळ, दुसऱ्याचें उणें पाहून आपला थोरपणा अकस्मात् जाणवण्यांत शोधलें. फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसाँ यानें १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें कीं, हंसूं येण्यास हृदय क्षणभर बधिर व्हावें लागतें. हीं मतें पूर्ण खरीं मानलीं, तर ज्यानें घर गहाण टाकलें आहे अशा माणसाला खुर्चींत बसून हंसणारा प्रेक्षक निर्दयच ठरेल.

परंतु या आक्षेपाचें उत्तर आम्हांस सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिळतें. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचें 'शारदा' नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. विषय एका मुलीच्या जन्माच्या मातेऱ्याचा. तरी प्रेक्षक त्यांत पोट धरून हंसतात. मात्र ते हंसतात बोहल्यावर चढूं पाहणाऱ्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला; शारदेला कोणी हंसत नाहीं. हास्य बळीवर न पडतां बळी घेणाऱ्यावर पडलें, म्हणजे तें नीतीचेंच काम करितें. तेव्हां विनोदाची कसोटी विषयांत नसून, तो अखेर कोणावर जाऊन पडतो, यांत आहे.

ही कसोटी लावतां बाल्बुएनाचें प्रकरण मात्र अधिक अवघड होतें. येथें बळीही तोच, आणि ज्याला आपण हंसतों तोही तोच. मग हें हास्य दोषी ठरतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बाल्बुएनाची जी समजूत हास्यास्पद आहे, ती त्यानें एकट्यानें निर्माण केलेली नाहीं. आधीं गेलेल्यांनीं धाडलेलीं पत्रें, त्यांनीं सुटीला येतांना आणलेला थाट, आणि तो थाट डोळे विस्फारून पाहणारा गांव, यांनीं ती त्याच्या मनांत पेरली. चार्ली चॅप्लिनच्या १९१७ सालच्या 'द इमिग्रंट' या मूकपटांत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतांच जहाजावरचे लोक भान विसरून तिकडे पाहूं लागतात, आणि लगेच अधिकारी येऊन त्यांना दोरानें अडवून धरतात. तेथें हंसूं येतें तें त्या लोकांचें नव्हे. पुतळ्यानें दिलेलें वचन आणि हातीं आलेला दोर यांच्यांतील विसंगतीचें. बाल्बुएनाच्या बाबतींत तें वचन देणारे कोण, एवढेंच पाहावयाचें.

यासाठीं डोमिनिकन बेटापर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. १९४६ च्या अमेरिकन कायद्यानें वर्षाकांठीं अवघ्या १०० हिंदी माणसांस तेथें वसण्याची मुभा मिळाली होती. १९६५ सालीं राष्ट्रवार हिस्से ठरविण्याची ती पद्धत मोडली आणि शिकलेल्यांस दार उघडलें. आमच्या विश्रामबागेंत १९४७ सालीं निघालेल्या, आज वालचंदांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतूनही अनेकांनीं ती वाट धरली. दुसरीकडे याच जिल्ह्यांतील खानापूर-आटपाडीकडील दुष्काळी गांवांचे लोक गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले. जुना दागिना वितळवावयाचा, तेजाबांत उकळून त्यांतलें हिणकस काढावयाचें आणि सोनें शुद्ध करावयाचें, असें तें काम. भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर यांत त्यांचे दिवस जातात. तो मनुष्य जत्रेला गांवीं आला म्हणजे गांवाला दिसते ती त्याच्या बोटांतली अंगठी, दारांतली गाडी आणि बांधलेलें घर. धूर कोणास दिसत नाहीं, आणि तोही तो दाखवीत नाहीं.

या लपविण्याला खोटेपणा म्हणावें काय? येथें भेद करणें अवश्य आहे. आईच्या जिवाला घोर लागूं नये म्हणून 'मी खुशाल आहें' असें कळविणारा मुलगा खोटें बोलला, तरी त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटणार नाहीं. त्यानें दुःख स्वतःपाशीं ठेवून घेतलें; त्याचा भुर्दंड दुसऱ्यावर टाकला नाहीं. परंतु तोच मुलगा शेजारच्या होतकरू पोराला कर्जाची अंगठी दाखवून 'तिकडे पैशाला तोटा नाहीं' असें सांगेल, तर तें असत्य निरुपद्रवी नव्हे. त्याच्या भरंवशावर उद्यां कोणी तरी शेत विकेल, कोणी घर गहाण टाकील.

कोणी म्हणेल, आशेंत थोडी अतिशयोक्ति नसेल तर दुष्काळी गांवांतून पाऊल बाहेर पडणारच नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण आशा आणि भूल या एक नव्हेत. धुराची पूर्ण कल्पना असून जो भट्टीपुढें बसावयास निघतो, त्याची ती हिंमत होय. ज्याच्यापासून धूर लपविला, त्याच्या हिमतीची संधि आपण हिरावून घेतली.

आणि हें लपविणें त्याला शिकवितो कोण? लग्नकार्यांत त्याच्या भोंवतीं जमलेले आपण पगार विचारतों, घर केवढें तें विचारतों, गाडी कोणती तें विचारतों. तुला झोंप लागते काय, आजारीपणांत उशाशीं कोण बसतें, हें क्वचितच कोणी विचारतो. जो रिकाम्या हातानें परत येतो, त्याला तर एकच प्रश्न असतो, 'परत कां आलास?' ज्या समाजांत हा प्रश्न टोंचून विचारला जातो, त्या समाजानें जाणाराला खोटें बोलण्यावांचून दुसरा मार्ग ठेविलेला नाहीं.

म्हणून 'न्वेबा योल'सारखा विनोद आम्ही दयाहीन मानीत नाहीं. बाल्बुएनाला हंसतां हंसतां प्रेक्षकाच्या ध्यानांत आलें कीं, सावकारानें घर गहाण घेतलें खरें, पण त्या कर्जाला जामीन आपण सारे होतों, म्हणजे त्या हास्यानें आपलें काम केलें. पुढचें काम विनोदाचें नव्हे, आपलें आहे. हात हालवीत परतलेल्या माणसाला ज्या दिवशीं गांवांत मान वर करून चालतां येईल, त्या दिवसापासून बाहेर गेलेल्यांस घरीं खरें कळवावयाचें धैर्य होईल.